आतली भिंत

कालीबंगाला जाणाऱ्याने मोहेंजोदडोची छायाचित्रे डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नये. तिथल्यासारख्या भाजक्या विटांच्या भिंती, विहिरींचे उघडे पडलेले मनोरे, पायऱ्यांचे स्नानकुंड यांतले काहीच इथे दिसत नाही. राजस्थानच्या हनुमानगड जिल्ह्यात, घग्गरच्या कोरड्या पात्राच्या दक्षिण काठावर, मातीची तीन टेकाडे आहेत, एवढेच. स्थानिक लोक अशा टेकाडाला थेड म्हणतात. आपल्याकडच्या पांढरीचाच हा प्रकार: माणसे राहिली, घरे पडली, पडलेल्या घरांवर पुन्हा घरे उठली आणि शतकानुशतकांच्या मातीचा उंचवटा झाला. उत्खननाचे बहुतेक खड्डे पुन्हा बुजवलेले आहेत. कच्च्या विटांची भिंत उघडी ठेवली तर पावसाळ्यागणिक ती विरघळत जाते, म्हणून ती जपायची तर पुन्हा मातीआड करणे हाच उपाय असतो.

त्यामुळे ही जागा पाहायची तर क्रम उलटा ठेवावा. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे छोटे वस्तुसंग्रहालय पाहावे. ते १९८३ मध्ये उघडले. तिथले नकाशे, विटा, खापरे नीट पाहून मग टेकाडावर चढावे. नाहीतर पायाखाली नुसती माती लागते आणि तासाभरात माणूस परत फिरतो. टेकाडावर खापरांचा आणि मातीच्या बांगड्यांच्या तुकड्यांचा सडा पडलेला असतो. तो वाकून जरूर पाहावा, पण खिशात काही घालू नये. ही संरक्षित जागा आहे, आणि तुकडा जिथे पडला आहे तिथून हलला की त्याची निम्मी माहिती जाते.

तीन टेकाडे

नदीकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताला पश्चिमेचे टेकाड येते. उत्खननाच्या भाषेत ते केएलबी-१. हा बालेकिल्ला. त्याच्या पूर्वेला आकाराने बरेच मोठे केएलबी-२, म्हणजे खालचे नगर. आणि त्याच्याही पूर्वेला, वस्तीपासून सुटे असे, अगदी लहान केएलबी-३. बहुतेक पाहुणे या तिसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्याची गोष्ट पुढे येईल.

या टेकाडांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणारा पहिला माणूस पुरातत्त्वज्ञ नव्हता. लुइजी पिओ टेस्सितोरी हा इटालियन भाषापंडित १९१४ मध्ये भारतात आला तो राजस्थानी चारणांच्या काव्याचा शोध घ्यायला. बिकानेर संस्थानात हिंडताना त्याने जुनी टेकाडेही पाहिली. कालीबंगाला त्याला मुद्रा मिळाल्या आणि ही जागा फार प्राचीन असल्याचे त्याने ओळखले. पण १९१९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो बिकानेरला वारला. सिंधू संस्कृतीच्या शोधाची घोषणा जॉन मार्शल यांनी केली ती १९२४ मध्ये. आपल्या हाती काय लागले होते, हे टेस्सितोरीला कळलेच नाही.

फाळणीत हडप्पा आणि मोहेंजोदडो पाकिस्तानात गेले. भारतात या संस्कृतीच्या जागा शोधणे भाग पडले, तेव्हा १९५० नंतर अमलानंद घोष यांनी घग्गरचे खोरे पालथे घातले आणि कालीबंगा हडप्पा संस्कृतीचे असल्याचे निश्चित केले. १९६०-६१ पासून १९६८-६९ पर्यंत बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली सलग नऊ हंगाम इथे खोदकाम चालले. खणताना मिळालेल्या कोळशाच्या नमुन्यांचे कार्बन-१४ पद्धतीने वय काढले गेले ते मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत. भारतात ही सोय तेव्हा नुकतीच उभी राहिली होती, आणि हडप्पा संस्कृतीचा काळ नव्याने आखण्यात कालीबंगाचा कोळसा कामी आला.

पहिला तट आणि नांगरलेले शेत

बालेकिल्ल्याच्या पोटात त्याहून जुने गाव सापडले. इ.स.पू. २६०० च्या आधी काही शतके ते नांदत होते. उत्तर-दक्षिण सुमारे २५० मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८० मीटर, अशा किंचित तिरक्या चौकोनाभोवती कच्च्या विटांचा तट होता. आधी त्याची जाडी १.९ मीटर होती. पुढे तो रुंदावून पावणेचार ते चार मीटरपर्यंत नेला गेला. विटेचे माप ३० × २० × १० सेंटिमीटर, म्हणजे ३:२:१. तटाला वापरलेल्या मापाचीच वीट घरांनाही वापरलेली आहे. लिपी नाही, मोठी शहरे नाहीत, अशा काळात एका गावाने विटेचे माप ठरवले होते आणि ते पाळले होते.

तटाबाहेर, आग्नेय दिशेला, उत्खननकारांना नांगरलेले शेत मिळाले. जगात हाती आलेल्या सर्वांत जुन्या नांगरटींमध्ये त्याची गणना होते. जमिनीत नांगराची तासे जशीच्या तशी उमटलेली होती, आणि तीही दोन दिशांना. पूर्व-पश्चिम तासे सुमारे ३० सेंटिमीटरच्या अंतराने, तर उत्तर-दक्षिण तासे सुमारे १.९० मीटरच्या अंतराने. उत्खननाच्या काळात आसपासचे शेतकरी याच पद्धतीने दुपीक घेत होते: जवळच्या तासांत हरभरा, लांबच्या तासांत मोहरी. मोहरी उंच वाढते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दुपारी तिची सावली उत्तरेला, म्हणजे तिच्याच ओळीत पडते आणि हरभऱ्याचे ऊन अडत नाही. पिकाचा दाणा त्या तासांत सापडला नसला, तरी अंतरांचा हिशोब आजच्या शेताशी जुळतो. आंतरपीक घेणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला याहून जास्त समजावून सांगावे लागणार नाही.

या गावाचा शेवट अचानक झाला. थर सरकलेले, भिंती चिरलेल्या आढळल्या आणि उत्खननकारांनी त्याचा अर्थ भूकंप असा लावला. वस्ती उठली, वर वाळूचा पातळ थर साचला. त्यानंतर परत आलेल्या लोकांनी जे उभारले ते पूर्वीच्या गावाहून फार वेगळे होते.

दोन खणांचा बालेकिल्ला

परत आल्यावर वस्तीचे दोन भाग झाले. जुन्या गावाच्या जागी बालेकिल्ला आणि पूर्वेला तटबंद नगर. नगराचे रस्ते १.८, ३.६, ५.४ आणि ७.२ मीटर रुंद, म्हणजे एकाच मापाच्या पटीत वाढणारे. विटांचे प्रमाणही बदलून ४:२:१ झाले. घरे मात्र कच्च्या विटांचीच राहिली. भाजकी वीट गटारे, विहिरी, उंबरठे अशा पाण्याच्या आणि झिजेच्या जागांपुरती. कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्यांनी घराच्या भिंती घासू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेला लाकडी खुंट रोवलेले होते.

बालेकिल्ला सुमारे २४० × १२० मीटरचा. त्याचा तट तीन ते सात मीटर जाड, मधूनमधून आयताकृती बुरूज पुढे काढलेले, आत-बाहेर मातीचा गिलावा. त्याचे दोन टप्पे ओळखू येतात. आधी ४० × २० × १० सेंटिमीटरच्या मोठ्या विटा, नंतरच्या दुरुस्तीत ३० × १५ × ७.५ च्या लहान. एवढी माहिती मोजपट्टीने मिळते आणि तिच्यावर कुणाचा वाद नाही.

वाद सुरू होतो तो तट कशासाठी हा प्रश्न विचारल्यावर. शत्रूसाठी म्हणावे, तर हल्ल्याच्या, जळिताच्या, कापल्या गेलेल्या माणसांच्या खुणा हव्यात, आणि कालीबंगाला तशा खुणा पुढे आलेल्या नाहीत. पुरासाठी म्हणावे, तर नदीकाठच्या वस्तीला ते लागू पडते, पण पूर अडवायला एवढ्या रेखीव बुरुजांचे कारण उरत नाही. मिरवण्यासाठी, म्हणजे सत्ता दिसावी म्हणून, असेही म्हणता येते. बहुधा थोडे थोडे सगळेच खरे असेल. नुसत्या बाहेरच्या तटाकडे पाहून याहून पुढे जाता येत नाही.

म्हणून टेकाडावर चढल्यावर बाहेरचा तट मनाने ओलांडून सरळ मध्यभागी जावे. इथे बालेकिल्ल्याला आडवी कापणारी एक भिंत होती. तिने आतल्या जागेचे दोन खण केले होते. उत्तरेच्या खणात घरे आणि रस्ते. दक्षिणेच्या खणात घरे नाहीतच. तिथे कच्च्या विटांचे पाच-सहा भव्य चौथरे, एकमेकांपासून सुटे, मध्ये जायच्या वाटा. आणि ही मधली भिंतही किरकोळ कुंपणासारखी नव्हती. चांगली जाड, तटाच्या जातकुळीची होती.

कालीबंगाला समजून घेण्याची किल्ली मला या आतल्या भिंतीत दिसते. शत्रू आत शिरला तर ती फार उपयोगाची नाही. पूर तिच्यापर्यंत आला तर बाहेरचा तट आधीच गेलेला असणार. म्हणजे बाहेरच्या तटाला लागू पडणारी दोन्ही सोपी उत्तरे इथे बाद होतात. एकाच किल्ल्यात राहणाऱ्या माणसांपासून दक्षिणेचे चौथरे वेगळे राखायचे होते, म्हणून ही भिंत बांधली गेली. आता प्रश्न एवढाच उरतो की त्या चौथऱ्यांवर काय चालत होते.

सात खड्डे

चौथऱ्यांचे माथे बरेच झिजलेले होते. तरी एका चौथऱ्यावर ओळीने सात खड्डे मिळाले. प्रत्येक खड्डा साधारण पाऊण मीटर लांब, अर्ध्या मीटरहून थोडा अधिक रुंद, आतून मातीने लिंपलेला. ओळ उत्तर-दक्षिण जाणारी. खड्ड्यांच्या मध्यभागी मातीचा एक उभा खांब. आत राख, कोळसा आणि भाजलेल्या मातीच्या वड्या. शेजारी जमिनीत अर्धे पुरलेले एक मडके, त्यातही राख आणि कोळसा. ओळीच्या पश्चिमेला लागून भिंत होती. म्हणजे खड्ड्यांशी बसणाऱ्याला भिंतीकडे पाठ करावी लागे आणि तोंड आपोआप पूर्वेला होई. त्याच चौथऱ्यावर विहीर आणि अंघोळीसाठी केलेली फरसबंदी.

दुसऱ्या एका चौथऱ्यावर विटांनी बांधलेला १.२५ × १ मीटरचा खड्डा होता. त्यात गोवंशाची हाडे आणि हरणांची शिंगे. उत्खननकारांनी इथे पशुबळी दिला जात असावा असे म्हटले.

आता शंका घेऊ. राख, कोळसा आणि लिंपलेला खड्डा म्हटले की कुणालाही आधी चूल आठवेल, आणि आठवायलाच हवी. कालीबंगाच्या जुन्या गावात तंदूरसारख्या भट्ट्या मिळालेल्याच आहेत. जमिनीतल्या आणि जमिनीवरच्याही. भाजलेल्या मातीच्या वड्या तर या संस्कृतीत इतक्या जागी सापडतात की एकच एक उपयोग सांगणे अवघड. गटारांत त्या आहेत, कालीबंगाला जमिनीच्या भरावातही त्या घातल्या आहेत. उष्णता धरून ठेवण्यासाठी चुलीत घालत असतील, असेही अभ्यासक सुचवतात. तेव्हा एखादा सुटा खड्डा दाखवून कुणी 'ही अग्निवेदी' म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवायची घाई करू नये. शिवाय खालच्या नगरात कित्येक घरांच्या एका खोलीत असाच खड्डा आहे. त्यातला एखादा स्वयंपाकाचा निघाला तर आश्चर्य नाही.

पण चौथऱ्यावरचे सात खड्डे सुटे नाहीत. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकाला सात चुली कुणी एका ओळीत, एका मापाच्या, सगळ्यांची तोंडे एकीकडे करून मांडत नाही. मांडल्याच, तर त्या उंच चौथऱ्यावर, घरापासून दूर, भिंतीपलीकडे नेत नाही. चौथऱ्यावर राहती घरे नाहीत. धान्य साठवण्याची, दळण्याकांडण्याची सोय नाही. पाणी आहे, पण ते अंघोळीच्या फरशीला लागून. खड्डा, ओळ, दिशा, पाणी आणि भिंत यांतली कोणतीही एक गोष्ट एकटी घेतली तर तिचा साधा संसारी खुलासा देता येतो. पाचही एकत्र आल्यावर तो खुलासा ओढूनताणून आणावा लागतो.

आणि इथे तिसरे टेकाड उपयोगी पडते. नगराच्या पूर्वेला सुटे पडलेले ते लहान केएलबी-३ खणले, तेव्हा तिथे वस्ती निघाली नाही. निघाले ते अशाच काही खड्ड्यांचे एक आवार. जिथे कुणी राहत नव्हते, रांधत नव्हते, तिथे मुद्दाम जाऊन विस्तव पेटवण्याची जागा. बालेकिल्ल्यातल्या खड्ड्यांबद्दल मन साशंक असेल, तर या टेकाडापाशी ते बरेचसे निवळते.

दक्षिणेच्या खणात जायची वाटही बोलकी आहे. तटाच्या दक्षिण अंगाला, दोन बुरुजांच्या मधून, पायऱ्यांचे दार होते. नगरातली माणसे त्या पायऱ्यांनी चौथऱ्यांकडे येत असावीत आणि उत्तरेच्या खणातले रहिवासी मधल्या भिंतीतून, असा उत्खननकारांचा तर्क आहे. तसे असेल तर बालेकिल्ल्यात राहणारे आणि बाहेरून येणारे एकाच जागी येत होते, पण वेगवेगळ्या दारांनी. कोणत्या दाराने जायचे यावर माणसाची पायरी ठरण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही.

यज्ञ म्हणावे का?

अग्निवेदी हा शब्द वापरला की पुढचा शब्द तोंडावर येतो तो यज्ञ. बी. बी. लाल यांनी पुढील लेखनात हा दुवा ठामपणे जोडला आणि सिंधू संस्कृती व वैदिक संस्कृती एकच असल्याचे प्रतिपादन केले. इतर अनेक अभ्यासक तिथवर जात नाहीत. कालीबंगाचे नगर इ.स.पू. २६०० ते १९०० च्या सुमाराचे. ऋग्वेदाचा काळ बहुसंख्य विद्वान इ.स.पू. १५०० च्या आसपास आणि नंतर धरतात. शिवाय अग्नी पूजणारे समाज जगात अनेक होते. विस्तवाभोवती विधी चालत होता, हे मान्य केले तरी त्या विधीत कोणते शब्द उच्चारले जात, हे राख सांगत नाही.

वाद लांबण्याचे एक कारण कागदाचेही आहे. खोदकाम १९६९ मध्ये संपले. जुन्या गावाचा सविस्तर अहवाल २००३ मध्ये आला आणि हडप्पाकालीन नगराचा २०१५ मध्ये. मधली काही दशके अभ्यासकांना लेखांवर, संक्षिप्त वृत्तांतांवर आणि ठरावीक छायाचित्रांवर भागवावे लागले. एवढ्या काळात 'अग्निवेदी' हा शब्द पाठ्यपुस्तकांत पक्का बसला, आणि मूळ नोंदी तपासण्याआधीच बाजू घेणारे आणि खोडणारे असे दोन्ही गट तयार झाले. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारी पोथी. वाचणाऱ्याने वेळेवर लिहून ठेवले नाही, तर मागून येणाऱ्याला पान पुन्हा उलटता येत नाही.

मला इथे मधली बाजू पटते. दक्षिणेच्या खणात विधी चालत होते, हे मांडणीवरून मानायला हरकत नाही. ते वैदिक होते असे म्हणायला या मांडणीत आधार नाही. पहिले विधान जागेबद्दल आहे, दुसरे श्रद्धेबद्दल. आणि मातीतून जागा जितकी कळते तितकी श्रद्धा कळत नाही. कालीबंगाहून मिळालेल्या एका त्रिकोणी वडीवर शिंगे असलेली आकृती कोरली आहे आणि मागच्या बाजूला दोरीने जनावर ओढणारा माणूस. देव आणि बळी, असे तिचे वाचन केले जाते. वाचन सुरेख आहे, पण चित्राखाली ओळ लिहिलेली नाही आणि लिपी अजून कुणाला उलगडलेली नाही.

नदी

टेकाडावरून उतरताना उत्तरेकडचे रुंद पात्र पाहावे. लोक त्याला नाली म्हणतात. आज तिथे शेते आहेत. कालव्यांच्या आणि पावसाळी पाण्यावर पिके उभी असतात. इ.स.पू. १९०० च्या सुमारास कालीबंगा ओस पडले आणि त्याचे कारण नदी आटणे हे बराच काळ मानले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कालीबंगाजवळच्या खोल गाळाचे नमुने तपासले गेले. त्यावरून असे दिसले की या पात्रातून एके काळी सतलज वाहत होती, पण ती सुमारे ८००० वर्षांपूर्वीच इथून दूर सरकली होती. म्हणजे कालीबंगाकरांनी शहर वसवले ते बारमाही महानदीच्या काठी नव्हे, तर तिने सोडलेल्या खोऱ्यात, मोसमी पावसावर वाहणाऱ्या शांत प्रवाहाच्या काठी. अशा प्रवाहाचे पूर बेताचे, गाळ मऊ आणि जमीन एका जागी टिकणारी. पूर अडवण्यासाठी सात मीटर जाडीचा तट, ही कल्पना त्यामुळे आणखी दुबळी होते.

मराठी वाचकाला हे सगळे ताडून पाहायला राजस्थानपर्यंत जायलाच हवे असे नाही. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे मिळालेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हा ब्राँझचा ठेवा प्रसिद्धच आहे. त्यानंतरच्या उत्खननात शां. अ. साळी यांना कालीबंगाहून नंतरच्या, ताम्रपाषाण काळातल्या थरांत मातीचा तट आणि बुरूज, तसेच अग्निवेदी व धार्मिक वास्तू म्हणाव्यात अशा रचना मिळाल्या. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाचा थरही तिथे आहे. म्हणून कालीबंगाचे लोक प्रवरेवर आले, असे लगेच म्हणू नये. तिथल्या खड्ड्यांनाही तेच प्रश्न विचारावेत: किती आहेत, कोणत्या ओळीत, कोणत्या दिशेला, पाणी कुठे, चूल कुठे, आणि राहत्या घरांपासून त्यांना वेगळे करणारी भिंत आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर तो खड्डा पुन्हा एकदा नीट पाहावा. नसेल, तर त्याला चूल म्हणण्यात कमीपणा नाही. चुलीतूनही त्या काळच्या माणसांबद्दल पुष्कळ कळते.